ब्रोकरच्या शाखेतून संध्याकाळी येणाऱ्या फोनला ‘हो’ म्हणण्यापूर्वी

जून २०२३ च्या अखेरीस निवृत्तीच्या पैशांतील १८ लाख रुपये घेऊन मी नाशिकमधील एका पूर्ण सेवा देणाऱ्या ब्रोकिंग कंपनीच्या शाखेत गेलो. मोबाइलवरच्या स्वस्त ॲपपेक्षा समोर बसून प्रश्न विचारता येईल असा माणूस बरा, असे माझे मत होते आणि त्यासाठी जास्त दलाली देण्याची तयारीही होती. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडचा कंपनीचा नोंदणी क्रमांक मी तपासला, तो खरा निघाला. एनएसई या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक ब्रोकरविरुद्धच्या तक्रारींची संख्या दिलेली असते. ती मात्र पाहिली नाही. ग्राहकाचे खाते सांभाळणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरला दरमहा ठरावीक दलाली जमा करण्याचे टार्गेट असते, हेही मला फार उशिरा कळले.

“सर, तुम्ही काळजी करू नका, पोर्टफोलिओ आम्ही सांभाळतो,” असे हा मॅनेजर पहिल्यांदा म्हणाला, आणि या वाक्यापाशीच मी थांबायला हवे होते. ग्राहकाच्या पैशांतून शेअरची खरेदी-विक्री स्वतःच्या मर्जीने करायची तर पोर्टफोलिओ व्यवस्थापक म्हणून सेबीकडे वेगळी नोंदणी लागते आणि ग्राहकाला त्या सेवेत किमान ५० लाख रुपये गुंतवावे लागतात. डीडीपीआय नावाच्या कागदावर सही केली की तो अधिकार शाखेला मिळतो, असा माझा समज करून देण्यात आला. प्रत्यक्षात तो कागद ऐच्छिक असून, विकलेले शेअर डीमॅट खात्यातून वळते करणे, मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांच्या अनामतीसाठी, तारण ठेवणे अशा मोजक्या कामांपुरताच असतो.

सौदे झालेल्या दिवशी साडेचारच्या सुमारास शाखेतील डीलरचा फोन येई. तो दिवसभरातले सौदे भराभर वाचून दाखवी आणि शेवटी विचारी, “कन्फर्म ना सर?” आपल्याला माहिती दिली जात आहे अशा समजुतीने मी ‘हो’ म्हणत असे, आणि ते रेकॉर्ड होत होते. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा, मग तो फोनचे रेकॉर्डिंग असो, ई-मेल असो वा सहीचा कागद, ब्रोकरने सौद्यापूर्वीच घेऊन जपून ठेवावा, असा सेबीचा नियम २०१८ पासून लागू आहे. माझ्याकडून मात्र सौद्यानंतरचा होकार गोळा केला जात होता. सौद्यांचा तपशील देणारी कॉन्ट्रॅक्ट नोट त्या त्या दिवशी ई-मेलवर येई. पॅन क्रमांक टाकून ती उघडण्याचा मी कंटाळा केला, याचे मला आजही वाईट वाटते.

मार्च २०२४ च्या अखेरीस मुलीने त्या सगळ्या नोटा उघडून बेरीज केली. नऊ महिन्यांत शेअरची उलाढाल १ कोटी ४० लाखांची झाली होती. त्यावर ०.५० टक्के दराने ७० हजार रुपये दलाली, दलालीवर १२,६०० रुपये जीएसटी आणि वर १४ हजार रुपये एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारांवरचा कर. थोडा वाढलेला शेअर विकून दुसरा घ्यायचा आणि पडलेला तसाच ठेवायचा, असा क्रम होता. ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर बेतलेल्या जोखमीच्या करारांत, आणखी २ लाख ३० हजार गेले. असे सौदे सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा लागतो; निवृत्तिवेतनाचा दाखला माझ्याकडून कशासाठी घेतला होता, ते तेव्हा उमगले. याच काळात निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक १९ हजारांवरून २२ हजारांच्या पुढे गेला होता.

कंपनीकडे लेखी तक्रार केली, तेव्हा उत्तरात माझ्याच ‘हो’चा हवाला आला. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवरही तेच उत्तर मिळाल्यावर मी स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद सोडवणाऱ्या व्यवस्थेकडे गेलो. सलोख्याच्या बैठकीत मी एकच मागणी धरून बसलो, की प्रत्येक ऑप्शन सौद्याच्या आधीचे रेकॉर्डिंग ऐकवा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर सौद्याची वेळ छापलेली असते आणि सगळे सौदे त्या त्या दिवशीच्या फोनच्या आधीचे होते. अखेर कंपनीने ९० हजार रुपये देऊन तडजोड केली. दलालीतला एक रुपयाही परत आला नाही.

माझ्या ओळखीच्या आणखी दोन निवृत्तांची खाती त्याच शाखेत आहेत. तसा फोन आला तर “हे सौदे मी सांगितलेले नाहीत” असे रेकॉर्डिंगवर स्पष्ट म्हणा आणि त्याच दिवशी ते ई-मेलनेही कळवा, असे मी दोघांनाही घरी जाऊन सांगितले आहे.