आय-२०वरची ‘मेजर’ ही ओळ स्वतः वाचा

अमेरिकेत हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये एमएस करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. त्यातही फिजिओथेरपी, बीडीएस, बीएचएमएस किंवा फार्मसी करून या क्षेत्राकडे वळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण एजंटांची सगळ्यात जास्त नजर आपल्यावरच असते. मला हेल्थ इन्फॉर्मेटिक्स म्हणून जो प्रवेश विकला गेला, तो प्रत्यक्षात हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंटचा निघाला. विद्यापीठ खरं होतं आणि प्रवेशही खरा होता. कोर्स तेवढा दुसराच होता, आणि तो माझ्या नावाने, मला न विचारता बदलला गेला होता.

मी फिजिओथेरपिस्ट. मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करत होते. गुडघा बदललेले पेशंट वर्षभराने परत आले की आधीच्या नोंदी हव्या असतात: गुडघा किती वाकत होता, कुठला व्यायाम झेपला नाही. एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्स विभागात, फोन केला की उत्तर ठरलेलं. फाईल मिळत नाहीये, किंवा फाईल आहे पण डिस्चार्ज समरीवर सरांची सही राहिलीय म्हणून ती अजून वॉर्डातच आहे. पेशंटला परत पहिल्यापासून विचारायचं. मग आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं, आमच्याकडे ‘आभा’ हा डिजिटल आरोग्य-नोंदींचा क्रमांक काढून द्यायचं काउंटर सुरू झालं, आणि मला वाटलं, चौदा आकडी क्रमांक तर मिळाला, पण त्यामागे नोंदी नीट रचणारी माणसं कुठून येणार? तिथून या विषयाचा शोध सुरू झाला. हे हौसेने लिहीत नाही. माझी गरज नेमकी काय होती ते कळलं, तरच पुढे काय लंपास झालं ते कळेल.

एजंटचं ऑफिस पुण्यात डेक्कनला. त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, कोर्स ‘स्टेम’ (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातला) आहे, म्हणजे शिक्षणानंतर तीन वर्षं काम करता येईल. दोन, कोर्सला कॅहिमची, म्हणजे अमेरिकेत अशा कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे. तीन, पास झालात की आरएचआयएची परीक्षा देता येईल. तिन्ही गोष्टी ऐकायला एकाच दिशेच्या वाटतात. पण मी ज्या कोर्सबद्दल विचारत होते त्याला तिन्ही एकत्र लागूच पडत नाहीत, आणि हे ज्याला माहीत आहे तो त्या एका दमात म्हणूच शकत नाही. म्हणून जरा थांबून सांगते.

हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट म्हणजे रुग्णाच्या नोंदींचा कारभार. नोंद पूर्ण आहे का, आजाराला योग्य आयसीडी कोड लागलाय का, ती नोंद कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, किती वर्षं ठेवायची, असं सगळं त्यात येतं. अमेरिकेत हा जुना पेशा आहे. त्यांची संघटना १९२८ सालची, तेव्हा त्यांना रेकॉर्ड लायब्रेरियन म्हणत. आरएचआयए हे या पेशाचं प्रमाणपत्र. त्याच्या परीक्षेला बसायचं तर कॅहिमची मान्यता असलेला मॅनेजमेंटचाच कोर्स, बॅचलर किंवा मास्टर पातळीवर, सहसा पूर्ण केलेला लागतो. हेल्थ इन्फॉर्मेटिक्स वेगळं. दोन हॉस्पिटलांच्या संगणक प्रणालींनी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलायचं, म्हणजे एचएल-सेव्हन, फायर, स्नोमेड वगैरे. डॉक्टरला औषध लिहितानाच धोक्याची सूचना कशी मिळेल. साठलेल्या माहितीतून उपयोगाचं काय काढता येईल. यात डेटाबेस, संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग लागतं. कॅहिम दोन्ही प्रकारच्या कोर्सेसना मान्यता देते, पण वेगवेगळ्या निकषांवर, आणि ती मान्यता विद्यापीठाला नसते, त्या एकेका कोर्सला असते.

आता ‘स्टेम’चं. अमेरिकेत प्रत्येक कोर्सला एक सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, असतो. मेडिकल इन्फॉर्मेटिक्सचा कोड ५१.२७०६. तो तिथल्या सरकारच्या स्टेम यादीत आहे. म्हणून बारा महिन्यांच्या ओपीटीनंतर (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) आणखी चोवीस महिने मिळू शकतात. हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंटसाठी सहसा वापरतात तो कोड ५१.०७०६. हा त्या यादीत नाही. मधला एक आकडा इकडचा तिकडे झाला की दोन वर्षं गेली. ज्याने शिक्षणासाठी कर्ज काढलंय त्याच्यासाठी ही दोन वर्षं म्हणजे कर्ज फिटणार की नाही एवढा प्रश्न असतो.

पहिल्याच भेटीत एजंटच्या ऑफिसातल्या मुलीने माझ्या नावाचा नवीन ई-मेल आयडी उघडला. “डॉक्टर, तुमच्या पर्सनल मेलवर शंभर मेल येतात, युनिव्हर्सिटीचा मेल त्यात हरवतो. आम्ही वेगळा आयडी करतो, आम्हीच ट्रॅक ठेवतो.” पासवर्ड त्यांच्याकडे. नंतर पुण्यात ज्यांच्याशी बोलले त्या जवळजवळ सगळ्यांकडे अशीच पद्धत होती, इतकी सर्रास की कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. माझी सगळी फसवणूक त्या एका आयडीतून झाली.

मी अधूनमधून विचारत होते. व्हॉट्सअॅपवर लेखी विचारत होते. “सर, कोर्स हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच ना? स्टेमच ना?” त्याचं उत्तर यायचं, “येस डॉक्टर, १०० टक्के.” कॅहिमचा पुरावा मागितला तर त्याने एक पत्र पाठवलं. त्यावर विद्यापीठाचं नाव, कॅहिमचं नाव, सगळं बरोबर. फक्त ते विद्यापीठाच्या बॅचलरच्या कोर्सचं पत्र होतं आणि वरचा भाग कापून पाठवलेलं होतं. मास्टरचा कोर्स त्या मान्यतेत नव्हताच. मूळ पत्र नंतर माझ्या हाती आलं तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. ‘बॅचलर ऑफ सायन्स’ ही ओळ जिथे होती, बरोब्बर तिथूनच कापलं होतं.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. त्याची फी एक लाख ऐंशी हजार, विद्यापीठाचं डिपॉझिट वेगळं, अर्ज आणि कुरिअरच्या नावाखाली किरकोळ रकमा वेगळ्या. बाबांनी पीएफमधून काढून दिले. आय-२०, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो प्रवेशाचा कागद, आला असं त्याने फोनवर सांगितलं, पण पाठवला नाही. “ऑफिसच्या फाईलमध्ये आहे, व्हिसाच्या तयारीला याल तेव्हा देतो.” हल्ली आय-२० ई-मेलनेच येतो, तो पाठवायला अर्धं मिनिट पुरतं. पण ई-मेल आयडी तर त्यांच्याकडेच होता.

मुलाखतीच्या तयारीला गेले तेव्हा समोर फाईल आली. आय-२०च्या पहिल्या पानावर, नाव-गाव आणि शाळेची माहिती संपली की ‘प्रोग्राम ऑफ स्टडी’ असा चौकोन असतो. त्यात ‘मेजर १’ आणि त्याच्यापुढे कोड. तिथे लिहिलं होतं: हेल्थ इन्फॉर्मेशन / मेडिकल रेकॉर्ड्स अॅडमिनिस्ट्रेशन, ५१.०७०६.

मी बोट ठेवून विचारलं. तो म्हणाला, “डॉक्टर, तो नुसता कोड आहे हो. कोर्स तोच. तिकडे गेलात की एका मेलमध्ये मेजर बदलून देतात.” मी म्हटलं, मग आत्ता इथूनच तो मेल करू या. तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलला. व्हिसाची तारीख जाईल, परत स्लॉट मिळणार नाही, डिपॉझिट बुडेल, तुम्हाला जायचंय की नाही? समोरच्याला अशी घाई करायला लावणं हे त्यांचं हुकमी हत्यार आहे. त्या खोलीत माझ्यासारखीच आणखी मुलं फाइली घेऊन बसली होती, आणि तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता.

मी फाईल उचलून आणली. घरी येऊन माझ्या स्वतःच्या ई-मेलवरून विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला लिहिलं, पासपोर्टची प्रत जोडली. उत्तर फार सभ्य आणि फार स्पष्ट होतं. हेल्थ इन्फॉर्मेटिक्ससाठीचा माझा अर्ज त्यांनी नाकारला होता. संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंगचा पूर्वअभ्यास नाही, हे कारण. त्यानंतर “माझ्याकडून” विनंती आली की मला मॅनेजमेंटच्या कोर्ससाठी विचारात घ्यावं, आणि ती त्यांनी मान्य केली. ती विनंती त्यांनी मला पुढे पाठवली. माझ्या नावाने लिहिलेलं पत्र, त्यात लहानपणापासून मला मेडिकल रेकॉर्ड्सची किती आवड आहे याचं वर्णन, खाली माझं नाव, आणि त्यात बाबांच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

नकार मला कळला असता तर मी काय केलं असतं? सहा महिने संख्याशास्त्राचा आणि पायथनचा एखादा कोर्स करून परत अर्ज केला असता. माझा जास्त राग याच गोष्टीचा आहे. पैसे तर गेलेच, पण तुमची तयारी कुठे कमी पडतेय हे सांगणारं, माझ्या उपयोगाचं पत्र त्याने माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही. त्याला कारण उघड आहे: बरीच परदेशी विद्यापीठं एजंटला विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. विद्यार्थी कुठल्याही कोर्सला बसला तरी ते मिळतं, घरी बसला तर मिळत नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. मॅनेजमेंटचा कोर्स कमी दर्जाचा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात या दोन्ही क्षेत्रांचा एकत्र गट म्हणून उल्लेख आहे, क्लिनिकल कोडरसकट. आमच्या एमआरडीतली माणसं किती जीव तोडून काम करतात ते मी पाहिलंय. पण मला जो कोर्स दिला गेला त्याला मास्टर पातळीवर कॅहिमची मान्यता नाही, म्हणून आरएचआयए नाही. आणि कोड स्टेमचा नाही, म्हणून ती दोन वर्षंही नाहीत. दोन्ही दारं बंद, आणि त्याची किंमत मात्र पूर्ण.

परदेशी शिक्षणातली फसवणूक म्हटली की पालकांच्या डोळ्यांसमोर २०११चं कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ येतं, किंवा २०१९ साली उघडकीला आलेलं मिशिगनचं फार्मिंग्टन, जे तिथल्या सरकारनेच सापळा म्हणून उभं केलं होतं. त्यामुळे घरातले एकच प्रश्न विचारतात: कॉलेज खरं आहे ना? माझ्या बाबांनीही विद्यापीठाचं नाव सरकारी यादीत पाहिलं, ते होतंच. पण अशी फसवणूक त्या तपासणीत सापडत नाही. कोर्स तपासावा लागतो. कॅहिमच्या संकेतस्थळावर कोर्सेसची यादी आहे, त्यात विद्यापीठाच्या नावावर न थांबता पदवीची पातळी आणि मान्यतेची स्थिती वाचा. ‘कँडिडसी’ लिहिलं असेल तर मान्यता अजून मिळालेली नाही. सीआयपी कोड विद्यापीठालाच विचारा, एजंटला नको, आणि उत्तर तुमच्या स्वतःच्या ई-मेलवर मागवा. सल्लाच हवा असेल तर मुंबईत युसिफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या एज्युकेशन-यूएसए केंद्रात विचारा. ते विद्यापीठांकडून कमिशन घेऊन प्रवेश विकत नाहीत.

माझं पुढे काय झालं तर, व्हिसाची मुलाखत मी रद्द केली. डिपॉझिटपैकी काही रक्कम विद्यापीठाने परत केली, त्यांनी तेवढी माणुसकी दाखवली. पोलीस ठाण्यात आधी “हा तुमचा आपसातला व्यवहार आहे” असं ऐकून घ्यावं लागलं. पण माझ्या नावाने दुसऱ्याने लिहिलेलं पत्र आणि कापलेलं मान्यतापत्र शेजारी ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची तक्रार लिहून घेतली. सोबत जिल्हा ग्राहक आयोगातही गेले. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. दोन्ही प्रकरणं चालू आहेत, म्हणून नावं लिहीत नाही. त्याचे “येस डॉक्टर, १०० टक्के” हे मेसेज मी पुसले नव्हते. तक्रारीत सगळ्यात जास्त कामाला तेच आले, तेव्हा फोन बदलताना चॅटचा बॅकअप घ्या आणि फोनवर झालेलं बोलणं लगेच मेसेजवर लिहून कळवा.

तुमचा ई-मेल आयडी आत्ता एजंटकडे असेल तर त्याचा पासवर्ड आज मागून घ्या, बदला, आणि ‘सेंट’चा फोल्डर उघडून तुमच्या नावाने काय काय गेलंय ते वाचा. देत नसेल तर विद्यापीठाला स्वतःच्या आयडीवरून कळवून संपर्काचा पत्ता बदलून घ्या, ते बदलतात. आणि जे आधीच तिथे पोचलेत त्यांनी ओपीटीचा अर्ज भरायची वाट न बघता आय-२० काढून कोड बघा. चुकीचा वाटला तर तुमच्या विद्यापीठाच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटा. कोर्स बदलता येतो, पण त्यासाठी दुसऱ्या विभागाने रीतसर प्रवेश द्यावा लागतो, आणि पहिलंच सत्र असेल तर त्यासाठी हातात वेळ असतो.