पावसाळ्यात गोल्फ कुठे: पडवीतली जाळी, मुंबईचा सिम्युलेटर की घाटापलीकडचं मैदान?

मे सरता सरता आमच्या नागावच्या वाडीतले शेजारी ओटीवर येऊन बसले. ठाण्याची नोकरी संपवून गेल्या दिवाळीत ते कायमचे इकडे राहायला आले. सहा वर्षं दर रविवारी खारघरला खेळलेला माणूस, हँडिकॅप (फेरीत ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) अठराच्या आसपास. चहा येईपर्यंत आंब्यांच्या गोष्टी झाल्या आणि मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "जूनपासून तुम्ही काय करता हो? मला चार महिने हात बांधून बसवणार नाही."

हाच प्रश्न आणखीही काहींना पडत असणार, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. मी अलिबाग तालुक्यात राहून खेळतो, त्यामुळे अंतरं आणि रस्ते इथले धरलेत. रोह्या-माणगावकडच्यांनी आपापला हिशोब लावावा.

आमचा खरा हंगाम म्हणजे हिवाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दव पडलेलं असतं, अंगावर पातळ स्वेटर असतो आणि चेंडू कापलेल्या गवतावर छान बसतो. बंद पडायचं ते जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत. शिकागोतल्या माझ्या मामेभावाचं नेमकं उलट. तिथे बर्फामुळे मैदानं बंद असतात आणि १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तिथल्या मैदानावर खेळलेला स्कोअर हँडिकॅपला धरतही नाहीत. तो पाच महिने गॅरेजात जाळी लावून खेळतो आणि मला मनापासून सल्ले देत असतो. त्यातले निम्मे इथे चालत नाहीत, कारण त्याची हवा कोरडी आणि थंड, तर आपली दमट आणि खारी. त्याच्या गॅरेजात महिनाभर पडून राहिलेला चामड्याचा ग्लोव्ह जसाच्या तसा असतो. माझ्या ग्लोव्हवर आठ दिवसांत हिरवट बुरशी धरते. इंटरनेटवर ऑफ-सीझनबद्दल जे काही मिळतं ते बहुतेक अशाच थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं आहे, हे वाचताना ध्यानात ठेवा.

निवड करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: चार महिन्यांच्या खाड्यात आपलं नक्की काय जातं? माझा अनुभव असा की सगळ्यात आधी हाताचा अंदाज जातो. दहा फुटांचा पट (होलकडे घरंगळवायचा फटका) किती जोरात मारायचा, तीस यार्डांच्या चिपला (होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू टाकायच्या छोट्या फटक्याला) हात कुठपर्यंत न्यायचा, हे तीन आठवड्यांतच पुसट होतं. मग वेजची, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या काठीची, अंतरं जातात. मोठा स्विंग सगळ्यांत चिवट, तो वाकडा झाला तरी दोन-तीन फेऱ्यांत परत सापडतो. आणि आपण पैसे खर्च करतो ते नेमके मोठ्या स्विंगवर, कारण ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांबची काठी, मारण्यात मजा आहे.

पडवीतली जाळी

बाजारात गोल्फची तयार जाळी मिळते. मी मात्र वरसोलीच्या कोळीवाड्यातून आणतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि जाळी दुरुस्तीला बाहेर निघतात. त्या दिवसांत जुना तुकडा सहज मिळतो. डोलीच्या जाळ्याचा खोल्याकडचा, म्हणजे शेपटाकडचा, बारीक भोकांचा भाग मागायचा. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे कमीत कमी ४२.६७ मिलीमीटर असतो, त्यामुळे भोक त्याच्या निम्म्याहून लहानच हवं. तंगुसाचं (एकपदरी नायलॉनचं) जाळं घेऊ नका. ते दिसायला मजबूत असतं, पण एकाच जागी चेंडू बसत राहिले की पटकन उसवतं. वळलेल्या दोऱ्याचं घ्या.

टांगताना ताणून बांधायचं नाही. सात नंबरच्या आयर्नचा (धातूच्या चपट्या तोंडाच्या काठीचा) चेंडू साध्या हौशी खेळाडूच्या हातूनही ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सुटतो, आणि ताणलेलं जाळं तो तसाच अंगावर परत पाठवतं. दोन पदर, मध्ये वीतभर अंतर, खाली हातभर झोळ आणि मागे एक जुनी गोधडी. चेंडू गोधडीत धप्पकन बसून सरळ खाली पडला की समजायचं बांधणी जमली. मी चेंडू जाळ्यापासून दहा फुटांवर ठेवतो. उजव्या बाजूला जाळं चार फूट जास्त घ्या, कारण शँक (तोंडाऐवजी काठीच्या मानेला बसलेला फटका) लागला तर चेंडू काटकोनात जातो आणि तिकडेच माजघराचं दार असतं. मारताना ते दार बंद, कडी लावलेली. यात कधीही सूट नाही.

पडवीची अडचण उंचीची. कौलारू छप्पर बाहेरच्या बाजूला उतरत जातं. पूर्ण स्विंगला, त्यातही ड्रायव्हरला, नऊ-साडेनऊ फूट तरी मोकळी उंची हवी. आमच्या पडवीत मी नऊ नंबरच्या आयर्नपेक्षा लांब काठी घेत नाही (नंबर लहान तितकी काठी लांब). पहिल्या वर्षी पाच नंबर घेतला होता, तेव्हा परतीच्या फेऱ्यात एक मंगळुरी कौल गेलं आणि ऐन आषाढात तिथून पाणी गळत राहिलं. त्यानंतर आधी बांबू गोल्फच्या काठीच्या लांबीइतका कापून सावकाश फिरवून पाहायचा, मगच खरी काठी हातात घ्यायची, असा नेम केला.

जाळीसमोर चेंडू ठेवायला कृत्रिम गवताची चटई लागते. चटईवर खेळताना एक मोठी फसवणूक होते, ती समजून घ्या. मैदानावर काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसली की चेंडू पुढे जातच नाही, चूक लगेच कळते. चटईवर काठीचा तळ घसरून पुढे येतो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. महिनाभर असं खेळलात तर ऑक्टोबरात पहिल्याच होलवर ढेकूळ उडेल. यावर माझा उपाय पंचाचा. ओला पंचा पातळ घडी करून चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवायचा. काठी लवकर खाली आली की पंचा उडतो. दुसरा उपाय पावडरीचा. काठीच्या तोंडावर साधी टाल्कम पावडर चोळली की चेंडूचा गोल ठसा नेमका कुठे उमटला ते दिसतं. पन्नास चेंडूंपैकी ठसे मधोमध किती आणि टोकाकडे किती, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर चटई कडक आहे असं समजा आणि खाली काथ्याची गादी घाला.

पटिंगला तर जाळीही लागत नाही. आमच्या पडवीत कोबा आहे, त्यावर सतरंजी अंथरतो. होलचा व्यास १०८ मिलीमीटर असतो. मी त्याऐवजी आमटीची वाटी आडवी ठेवतो, तिचं तोंड बरंच लहान. बाहेर पागोळ्या गळत असताना रोज संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत चाळीस पट. वाटीत चेंडू गेल्याचा टण्ण आवाज आता घरातल्यांच्याही ओळखीचा झाला आहे.

खर्च किरकोळ. जाळं, चटई, हुक, दोरी मिळून साधारण एका बऱ्या वेजइतकी किंमत होते. पुढच्या वर्षी फक्त जाळं बदलायचं. जाळीची खरी मर्यादा एकच: चेंडू कुठे गेला असता ते कळत नाही. स्लाइस (हवेत उजवीकडे वळणारा फटका) असो की सरळ, दोन्ही दहा फुटांवर सारखेच दिसतात.

सिम्युलेटर

ती मर्यादा सिम्युलेटर भरून काढतो. बंद खोलीत चेंडू पडद्यावर मारायचा, यंत्र तो मोजतं आणि पुढचं उड्डाण पडद्यावर दाखवतं. यंत्रं मुख्यतः दोन जातीची. रडारवाली, जी चेंडूच्या उड्डाणाचा माग काढतात, आणि कॅमेऱ्यावाली, जी फटक्याच्या क्षणाचे फोटो घेऊन वेग, कोन आणि फिरकी मोजतात. बंद खोलीत चेंडू जेमतेम तीन-चार मीटर उडतो, पुढचं सगळं गणितानं काढलेलं असतं. म्हणून पडद्यावर एकूण अंतर बघून खूश होऊ नका. जमिनीला पहिल्यांदा टेकेपर्यंतचं अंतर, म्हणजे कॅरी, आणि चेंडूची दिशा, हे दोनच आकडे वहीत उतरवा. पटिंग तिथे करूच नका. पडद्यावरचा उतार पायाला जाणवत नाही, त्यामुळे हाताला खोटी सवय लागते.

अलिबागहून जाणं मात्र जिकिरीचं. गेटवे-मांडवा बोटी पावसाळ्यात बंद असतात. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) जाते, तासाभरात पोचवते, पण समुद्र खवळला की तीही थांबते. रस्त्यानं निघालात तर कार्ले खिंड, वडखळ नाका, पेण आणि मग पनवेलची गर्दी. एका तासाच्या सिम्युलेटरसाठी आख्खा दिवस मोडतो. तासाचं भाडं आणि प्रवास धरला तर दोन-तीन फेऱ्यांतच जाळीचे पैसे होतात.

तरीही मी महिन्यातून एकदा जातो, आणि तुम्हीही जावं असं मला कळकळीनं वाटतं. दोन वर्षांपूर्वी जुलैअखेर गेलो तेव्हा कळलं की पिचिंग वेज माझ्या समजुतीपेक्षा बारा यार्ड कमी जाते आहे आणि सगळे चेंडू डावीकडे ओढले जात आहेत. पडवीत हे ऑक्टोबरपर्यंत कळलं नसतं आणि मी रोज तीच चूक पक्की करत राहिलो असतो. मुंबईत, ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याचं गणित वेगळं. त्याच्या फ्लॅटमध्ये जाळी बसत नाही आणि सिम्युलेटर अर्ध्या तासावर असतो. त्यानं आठवड्याला एक तास चौघांत वाटून घ्यावा आणि घरी फक्त पटिंग करावं.

घाटापलीकडे

सह्याद्रीनं पाऊस अडवला की पलीकडे त्याचा जोर ओसरतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलीमीटर पडतो, पुण्यात वर्षाला सातशेच्या आसपास. लोणावळ्यात वायपर पुरत नाही आणि तळेगाव ओलांडलं की रस्ता कोरडा, हे प्रत्येकानं पाहिलेलं आहे. येरवड्याजवळचा पूना गोल्फ क्लब १८८०चा. आम्ही तिथे सभासदाबरोबर पाहुणे म्हणून खेळतो. आमच्या चौकडीतल्या एकाचे साडू सभासद आहेत, त्यामुळे वर्षातून दोनदा आमचं जमतं.

पहाटे साडेचारला निघायचं, पेण-खोपोलीवरून एक्स्प्रेसवे धरायचा, आठपर्यंत टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी. पावसाळी मैदान वेगळंच खेळतं. चेंडू पडला तिथेच बसतो, घरंगळून मिळणारे वीस यार्ड विसरायचे. ग्रीन संथ, पट जरा धीटपणे मारावा लागतो. क्लबनं पावसाळी स्थानिक नियम लावला असेल तर फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यात) चेंडू उचलून, पुसून ठेवता येतो. साचलेल्या पाण्यातून आणि चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंडाशिवाय सुटका मिळते. हे नियम वाचून जा, बरेच जण उगाच चिखलातून मारत बसतात. वीज चमकली तर काठ्या खाली ठेवून आत या, मग होल कितीही चांगला चाललेला असो.

पैशानं आणि दमणुकीनं हा पर्याय सगळ्यांत महाग. ताम्हिणीनं जायचं मनात असेल तर दरड आणि धुकं दोन्हींचा विचार करा. मी पावसात तो घाट टाळतो. पण जाळीत महिनाभर मारलेल्या चेंडूला खरं आकाश मिळतं तेव्हा जे वाटतं त्याची भरपाई कुठलाही पडदा करत नाही. ऑक्टोबरात स्पर्धा खेळणाऱ्यानं सप्टेंबरात एक फेरी घाटावर करावीच.

खारघरचं सिडकोचं मैदान आम्हाला जवळचं, पाऊणशे किलोमीटरवर. सर्वांसाठी खुलं आहे, म्हणून उघडीप मिळाली की मोह होतो. पण पांडवकड्याच्या डोंगराचं पाणी तिकडेच उतरतं. निघण्याआधी फोन करून खेळ चालू असल्याची खात्री करा.

समुद्रकिनाऱ्यावर चेंडू मारणं मला पटत नाही. माणसं, गुरं, होड्या, आणि चेंडू शेवटी समुद्रातच जातो.

काठ्यांबद्दल दोन शब्द, कारण तीनही पर्यायांत त्या आपल्याच घरात असतात. बॅग चेन लावून भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल भिंतीतूनच येते. खेळून आलं की काठ्या बाहेर काढून पुसायच्या. कच्च्या पोलादाच्या वेजवर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर श्रावणापर्यंत तांबेरा चढतो. ग्रिप साबणाच्या पाण्यानं धुवायच्या. ग्लोव्ह सपाट पसरून वाळवायचा, बॅगेच्या कप्प्यात कधीच कोंबायचा नाही.

शेजाऱ्यांना मी पडवी सुचवली, जोडीला महिन्याला एक सिम्युलेटर, आणि सप्टेंबरात गणपती गेले की आमच्याबरोबर पुणं. हँडिकॅप पाच-सहा असता तर सिम्युलेटर दुप्पट करा म्हटलं असतं. अठराच्या माणसाचे सगळ्यांत जास्त फटके ग्रीनभोवती आणि ग्रीनवर जातात, आणि ते रोजच्या वीस मिनिटांनीच सुधारतात.

त्यांनी लगेच घरी जाऊन बांबू फिरवून पाहिला. पडवीची उंची कडेला सव्वासात फूट निघाली, म्हणजे वेजसुद्धा अवघड. मग मागचा रिकामा गोठा आठवला. तिथे तुळई दहा फुटांवर आहे, जमीन कोरडी आहे, आणि गव्हाणीच्या वर जाळं बांधायला लोखंडी कड्या आधीपासूनच आहेत. रविवारी सकाळी आम्ही दोघं वरसोलीला जाळं बघायला जातोय.