हॉकी लीगचं ऑक्शन यांच्याकडून करून घेतलं, ट्रेड विंडोतच पैसे वसूल

आधीच सांगतो, पाचपैकी चार स्टार देऊन राहिलो आणि पाचवा काहून नाही दिला ते खाली लिहिलंय, लांब आहे पण कोणी आपल्या लीगसाठी या ऑक्शन करून देणाऱ्यांना बुक करायचा विचार करत असेल तर पूर्ण वाचा.

आमची लीग छोटी आहे. कॉलेजात आणि क्लबात हॉकी खेळलेले, आता नोकरी-धंद्याला लागलेले असे सगळे, त्यात थोडे अंडर-नाईन्टीनचे पोट्टे. सहा टीम, एका टीमात अकरा जण, सेव्हन-अ-साईड म्हणजे मैदानात एका वेळेस सात. मागच्या दोन वर्षी टीम चिठ्ठ्या टाकून पाडल्या आणि दोन्ही वेळेस एकाच टीमात दोन ड्रॅगफ्लिकर, म्हणजे शॉर्ट कॉर्नरवर स्टिकने बॉल ओढून जोरात गोल मारणारे, गेले, मग शॉर्ट कॉर्नर (गोलाजवळच्या फाउलवर मिळणारा गोलचा चान्स) मिळाला की मॅच संपलीच समजा. म्हणून यंदा ठरवलं की ऑक्शन करायचं, म्हणजे खेळाडूंवर बोली लावून टीम बांधायची, प्रत्येक टीमला खर्चायला १००० पॉईंटची पर्स, बेस प्राईस (बोली जिथून सुरू होते ती किंमत) कमीत कमी २०, आणि पर्सच्या वर एक पॉईंटही नाही. क्रिकेटच्या टेनिस बॉल लीगसाठी नागपुरात असं ऑक्शन करून देणारे भरपूर झालेत, हॉकीसाठी आधी कोणी केलंय का विचारलं तर यांनी खरं सांगितलं की नाही केलं, पण तुमचे नियम लिहून द्या, आम्ही बसवतो. हे मला आवडलं.

१८ हजार घेतले. त्यात एलईडी वॉल, साउंड, ऑक्शन बोलणारे दादा, लॅपटॉपवर बसणारी ताई, बोलीसाठी उचलायची सहा पॅडल आणि प्रत्येक खेळाडूचं फोटोवालं कार्ड. धरमपेठेतला हॉल आणि तर्री पोहे आमचे. एसी हॉल घ्या बरं, मे महिन्यात दुपारी कूलरवर भागत नाही, एलईडी वॉलही तापते.

दादांचं काम एक नंबर. "एक बार, दो बार" म्हणताना ते प्रत्येक टेबलाकडे मान वळवून बघतात, कोणी अर्धवट पॅडल उचललं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी एक श्वास थांबतात. तेवढ्या वेळात माणसाला हिशोब करता येतो. घाई करणारा ऑक्शनवाला असला तर लोक जोशात पर्स उडवतात आणि मग दुपारी बसतात डोकं धरून.

आता मुख्य गोष्ट, वॉलवरचा बोर्ड. प्रत्येक टीमसमोर उरलेली पर्स, उरलेल्या जागा, आणि तिसरा आकडा मॅक्स बिड, म्हणजे एका खेळाडूवर जास्तीत जास्त किती बोली लावता येईल तो. हा तिसरा आकडा समजून घ्या, सगळी टीम बांधणी त्यावर आहे. तुमच्याकडे जेवढे पॉईंट उरले त्यातून एक जागा सोडून बाकीच्या जागा गुणिले २० वजा करायचे, कारण त्या जागा कमीत कमी बेस प्राईसला तरी भराव्याच लागणार. सुरुवातीला १००० आणि अकरा जागा म्हणजे मॅक्स बिड ८००. हा आकडा सगळ्यांना सतत दिसत असला की समोरचा कुठपर्यंत जाऊ शकतो ते तुम्हाला कळतं आणि तुमचं त्याला कळतं, खरा खेळ तिथून सुरू होतो.

मी घरून ठरवूनच गेलो होतो की पैसा दोन जागांवर टाकायचा, ड्रॅगफ्लिकर आणि गोली. हे हॉकी इंडिया लीग बघून ठरवलं. ऑक्टोबर २०२४ च्या ऑक्शनमध्ये पुरुषांच्या प्रत्येक टीमला ४ कोटींची पर्स आणि २४ जणांचा स्क्वॉड होता, सूरमा क्लबने हरमनप्रीत सिंगला ७८ लाखाला घेतलं, सगळ्यात महागडा. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा एका माणसावर, आणि उरलेल्या ३ कोटी २२ लाखात २३ जण, सरासरी १४ लाख. बंगाल टायगर्सने अभिषेकला ७२ आणि जुगराज सिंगला ४८ लाख दिले, दोघांतच पर्सचा ३० टक्के गेला, पण त्याच सीझनच्या फायनलला हैदराबादवर ४-३ ने जिंकले तेव्हा जुगराजची हॅटट्रिक होती. ड्रॅगफ्लिकरवर खर्च केलेला पैसा बोर्डवर गोल होऊन दिसतो, हे माझं पक्कं मत आहे.

तर आम्ही ड्रॅगफ्लिकर २६० ला घेतला आणि गोली १९० ला. गोली महाग पडला कारण यादीत गोली फक्त सातच होते आणि टीम सहा, प्रत्येकाला एक तर लागतोच. इथपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे. मग माझ्याकडून चूक झाली, राईट साईडचा एक फॉरवर्ड १८० ला उचलला, तर त्याच बाजूचा एक आमच्याकडे आधीच होता. पोट्टा चांगला आहे, मॅचच्या शेवटपर्यंत पळतो, म्हणून हात आवरला नाही. लंचपर्यंत आमचे आठ जण झाले, ९३० गेले, ७० उरले, तीन जागा बाकी, मॅक्स बिड ३०. सेंटर हाफ (मधल्या फळीत मधोमध खेळणारा) नाही, लेफ्टला कोणी नाही. चांगले सेंटर हाफ सगळे ४० च्या बेसवर होते, म्हणजे पॅडल उचलायचीही सोय नाही.

इथे यांची ट्रेड विंडो कामाला आली. लंचनंतर अर्धा तास सगळ्या टीमना आपसात अदलाबदल करायला मिळते, नियम एकच, खेळाडू ज्या किमतीला गेला ती किंमत त्याच्यासोबत जाते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे काय नवीन म्हणून वाटलं, पण मला माहीत होतं कारण माझा मामेभाऊ कॅनडात आहे आणि त्याच्यामुळे मी बर्फावरची हॉकी, ती अमेरिका-कॅनडातली एनएचएल लीग, बरीच वर्षं फॉलो करून राहिलो. तिथे सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमने पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा, २००५ पासून आहे, त्याआधीचा अख्खा २००४-०५ चा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला होता. पहिली कॅप ३ कोटी ९० लाख डॉलरची होती, २०२५-२६ ला ती ९ कोटी ५५ लाख झाली. कॅप असली की ट्रेड हा खेळाडूचा सौदा राहत नाही, जागेचा सौदा होतो. २०२४ च्या ड्राफ्टच्या (नवीन खेळाडू नंबराने निवडायचा कार्यक्रम) दुसऱ्या दिवशी टॅम्पाच्या टीमने सर्गाचेव्हसारखा डिफेन्समन युटाच्या टीमला देऊन टाकला, त्याचा कॅपवरचा बोजा वर्षाला ८५ लाख डॉलर होता, आणि दोनच दिवसांनी गेन्त्झेलला वर्षाला ९० लाखावर सात वर्षांसाठी सही करून घेतलं. सर्गाचेव्ह खराब नव्हता, त्याची जागा पाहिजे होती. १९९९ च्या ड्राफ्टला व्हँकुव्हरच्या टीमला सेदिन जुळे भाऊ दोघंही पाहिजे होते, हातात निवडायचा तिसरा नंबर होता, तर शिकागोकडून चौथा मिळवला, तो देऊन टॅम्पाचा पहिला, आणि पहिला अटलांटाला देऊन दुसरा. दोघंही भाऊ घरात. मधले सौदे नुसते बघितले तर उलटसुलट वाटतात, पण काय पाहिजे ते आधी ठरलेलं होतं.

मीही तेच केलं. बाजूच्या टेबलवर सदर भागातल्या पोट्ट्यांची टीम होती, त्यांच्याकडे गोल मारणारा कोणी नव्हता. मी १८० वाला फॉरवर्ड दिला आणि त्यांचा लेफ्ट हाफ ६० वाला आणि एक ज्युनियर ४० वाला असे दोघं घेतले. आमचे नऊ झाले, पर्स १५०, दोन जागा, मॅक्स बिड १३०. ताईंनी एंट्री केली, वॉलवर दोन्ही टीमच्या नावाखाली हिरवी बरोबरची खूण आली, टाळ्या पडल्या.

आणि पुढच्याच लॉटला, म्हणजे पुढच्या खेळाडूच्या बोलीला, गडबड. सदरच्या कॅप्टनने पॅडल उचललं तर दादा म्हणाले, भाऊ तुमचा मॅक्स बिड शून्य आहे. बघितलं तर ट्रेडआधी त्यांच्याकडे १२० होते आणि दोन जागा, ट्रेडनंतर ४० राहिले आणि जागा झाल्या तीन. तीन जागांना कमीत कमी ६० पाहिजेत. म्हणजे हा ट्रेड पास व्हायलाच नको होता, सॉफ्टवेअरने फक्त पर्स मायनसमध्ये जात नाही ना एवढंच बघितलं, टीम पूर्ण होते का ते बघितलं नाही. तो कॅप्टन बिचारा लाल झाला, त्याला वाटलं मी फसवलं. माझं-त्याचं पंधरा वर्षांचं आहे, एकाच मुरमाच्या ग्राउंडवर गुडघे फोडून घेतलेत आम्ही, मला ते फार लागलं.

ट्रेड रद्द करायची गोष्ट निघाली. मी म्हटलं थांबा, एनएचएलमध्ये रिटेन करतात तसं करू. तिथे खेळाडू दुसऱ्याला देताना त्याच्या पगाराचा काही हिस्सा आपल्याच कॅपवर ठेवता येतो, जास्तीत जास्त अर्धा, आणि एका वेळेस एका टीमला असे तीनच करार ठेवता येतात. आम्ही त्या १८० मधले २० आमच्या डोक्यावर ठेवले, त्यांना तो १६० ला पडला, त्यांचे ६० झाले, तीन जागा बरोबर २०-२० ला भरणार. आमचे १३० उरले, मॅक्स बिड ११०. दादांनी बाकी चारही कॅप्टनना एकेक करून विचारलं, कोणाची हरकत आहे का, सगळ्यांचं हो आल्यावरच माईकवर जाहीर केलं. हे त्यांनी फार नीट हाताळलं, आवाज चढू दिला नाही.

पण सॉफ्टवेअरमध्ये रिटेनचा कॉलमच नाही. ताईंनी मग आमच्या टीमात "रिटेन" नावाचा एक खोटा खेळाडू २० ला टाकला. त्याने झालं काय की आमचे नऊचे दहा दिसायला लागले, जागा एकच उरली आणि बोर्डवर मॅक्स बिड १३० आला. मी वहीत लिहून राहिलो होतो म्हणून लगेच दिसलं, ११० च्या वर गेलो असतो तर अकरावा घ्यायला आमच्याकडेच पॉईंट नसते. मी स्वतः उठून सांगितलं. ताईंनी माफी मागितली आणि त्यानंतर आमचा हिशोब कागदावर ठेवला, दर लॉटनंतर दादांना हळूच आकडा सांगायच्या. मेहनती आहे ती पोरगी, तिची चूक नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने हे बघायला पाहिजे.

पुढे सेंटर हाफ ९० ला मिळाला, ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच, आणि अनसोल्डच्या, म्हणजे आधी कोणी न घेतलेल्यांच्या, राउंडला एक ज्युनियर २० ला. शेवटी २० पॉईंट उरले, ते गेले वाया.

तर बुक करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बोलून घ्या. ट्रेड झाला की दोन्ही टीमचा मॅक्स बिड नव्याने काढून दाखवा, आणि बेसपेक्षा कमी आला तर ट्रेड अडकला पाहिजे. दुसरं, रिटेन चालणार की नाही ते नियमात लिहून ठेवा, चालणार असेल तर त्याला वेगळी ओळ पाहिजे, खेळाडू म्हणून नको. ट्रेड विंडो मात्र काढू नका, कोणी कितीही म्हटलं तरी. नुसतं ऑक्शन तर एक्सेलवरही होते, सकाळी केलेली चूक दुपारी सुधारायची संधी तिथे मिळत नाही.

एक राहिलं. रात्री ग्रुपवर सगळ्या टीमची पीडीएफ आली, फोटो-बिटो सगळं मस्त, पण आमच्या टीमात अजूनही बारा नावं आहेत, शेवटचं नाव "रिटेन", किंमत २०. दुरुस्त करून पाठवतो म्हणाले आहेत, आली की इथे लिहीन.