मांजराचं वजन: काटा खरा की हात?

मांजर जाड आहे का हे ठरवताना पहिला मान हाताला. मांजर उभं असताना दोन्ही बाजूंना बोटं सपाट ठेवून हलकेच फिरवा. आपल्याच पंजाच्या मागच्या बाजूची हाडं जशी बोटांना लागतात, तशा बरगड्या लागल्या तर ठीक. आवळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर मांजर रोडावलंय. दाबूनही सापडेनात तर चरबी चढलीय. वरून पाहताना बरगड्यांमागे कंबर किंचित आत हवी. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र निरोगी मांजरांनाही असते, तिच्यावरून निकाल देऊ नका. पर्शियनच्या केसांत तर नजर हमखास फसते.

काटा नुसता आकडा सांगतो. साडेचार किलो एखाद्या बोक्याला योग्य, लहान चणीच्या भाटीला जास्त. पण बदल पकडावा काट्यानेच. चार किलोतले 200 ग्रॅम म्हणजे 5 टक्के, आणि तेवढी घट हाताला कळत नाही. म्हाताऱ्या मांजरात ती मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या आजाराची खूण असू शकते. मांजर घेऊन उभं राहायचं नि आपलं वजन वजा करायचं, हे कामचलाऊ. बाळांचा काटा बरा.

वजन उतरवायचं तर आठवड्याला 1 टक्क्याच्या आसपास. कोल्हापुरात आधी म्हशीच्या दुधाची वाटी बंद करा. उपाशी मात्र ठेवू नका: जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.