पोलोग्राउंडजवळचं मोटर वाइंडिंगचं दुकान: काम पक्कं, डबा कच्चा

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण इंदुरात कुणाला जुन्या थ्री फेज मोटरीचा जनरेटर करून हवा असेल तर आधी इथे विचारा.

माझी सुदामानगरला आटा-मसाल्याची चक्की आहे. मसाल्याच्या मशीनवरची 2 एचपी मोटर काढून मी 3 एचपीची बसवली, तेव्हापासून जुनी पडून होती. धडधाकट मोटर, 415 व्होल्ट, 1440 आरपीएम (मिनिटाला फेरे). भंगारात किलोच्या भावाने द्यायला जीव होईना. तिकडे सांवेरजवळ आमचं शेत. शेतीच्या फीडरवर वीज दहा तास, म्हणजे रात्री खोलीत अंधारच. शेडमध्ये सासऱ्यांच्या वेळचं राजकोटचं लिस्टर टाइप इंजिन आहे, 650 आरपीएमचं, दोन्ही बाजूंना मोठी चाकं. हँडल मारलं की अजून उठतं. इंजिन घरचं, मोटर घरची, मग तयार जनरेटरला पैसे कशाला घालायचे?

आधी एका दुकानात विचारलं तर त्यांनी सगळं वाइंडिंग (आतल्या तारेच्या गुंडाळ्या) नवं करायचं म्हणून साडेसहा हजार सांगितले. दुसऱ्याने तर मोटरीत चुंबकच नसतं, वीज कुठून येणार म्हणून हसण्यावारी नेलं. पोलोग्राउंडच्या मिस्त्रींनी टर्मिनलचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "काकू, वाइंडिंग को हाथ भी नहीं लगाना." मला पटलेला माणूस हा असा. ज्याला काम वाढवून सांगता आलं असतं आणि त्याने कमी करून सांगितलं.

या मोटरीची सहाही टोकं बाहेर होती. (तीनच असती तर मोटर खोलून आतला जोड सोडवावा लागला असता, त्याचे पैसे वेगळे.) त्यांनी पितळेच्या पट्ट्या फिरवून स्टारची डेल्टा केली (तीन गुंडाळ्या एकमेकींना जोडायच्या या दोन पद्धती), त्यामुळे 415 ऐवजी 240 च्या आसपास व्होल्टेज मिळतं. मग दोन कॅपॅसिटर (वीज थोडी साठवून परत सोडणारे). 25 एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटरचं माप) टोकांच्या एका जोडीवर, जिथून आपण लाइट घेणार तिथे. 50 चा दुसऱ्या जोडीवर. तिसरी रिकामी. दोन्ही 440 व्होल्टचे, पंपाच्या पॅनेलमध्ये कायम चालू राहणारे असतात तसले. स्टार्टिंगचे काळे कॅपॅसिटर स्वस्त पडतात, पण ते दोन-चार सेकंदांसाठी बनवलेले. सतत लावले तर तापून फुटतात. हे मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

नंतर दुकानातल्या मोठ्या मोटरीला पट्टा लावून माझी मोटर फिरवून दाखवली, आणि हे बघण्यासारखं आहे. मीटरवर आधी तीन-चार व्होल्ट. रोटरच्या लोखंडात आधीच्या चालण्यातून किंचित चुंबकत्व उरलेलं असतं, त्याचे. मग काटा सरकायला लागला आणि बघता बघता दोनशेच्या वर गेला. ते थोडे व्होल्ट कॅपॅसिटरमधून करंट खेळवतात, करंटने चुंबकत्व वाढतं, त्याने व्होल्ट वाढतात, आणि लोखंडाची ताकद संपली की काटा थांबतो. दहीच लावायचं म्हणा ना, विरजणापुरतं चुंबक हवं. सुरुवातीला मोटर जरा घुमत होती. त्यांनी 50 चा कॅपॅसिटर काढून रिकाम्या जोडीवर नेला आणि आवाज बसला. फिरण्याची दिशा आणि कॅपॅसिटरची जागा जुळावी लागते, एवढंच म्हणाले.

पुलीचा हिशेबही त्यांनीच खडूने फरशीवर करून दिला. पाटीवर 1440 लिहिलंय म्हणून तेवढंच फिरवून भागत नाही, घरच्या लाइनसारखे सेकंदाला 50 सायकल हवे असतील तर 1500 च्या वर न्यावी लागते. इंजिनावर 14 इंची, मोटरीवर 6 इंची, म्हणजे 1517. लोड पडल्यावर जेवढा वेग कमी होतो तेवढा गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगवर जरा चढवून घ्यायचा.

आता तक्रार. कॅपॅसिटर पत्र्याच्या डब्यात नुसते ठेवून दिले होते, टोकं उघडी, झाकणाला स्क्रू नाही, आणि कॅपॅसिटरमधली उरलेली वीज उतरवणारा रेझिस्टर नाही. मोटरीची वायर सुटली तर कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक राहू शकतो, हे मिस्त्रींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. शेतावर पोरंटोरं फिरतात. मी परत जाऊन रेझिस्टर आणि कव्हर लावून घेतलं, कुरकुर न करता लावून दिलं, पण मला जावं लागलं. जोडणीचा कागद मागितला तर सिगारेटच्या पाकिटावर काढून दिला! मजुरी 1200, कॅपॅसिटर वेगळे. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले आणि बरं झालं. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) घेतल्याशिवाय मोटर हातात देईनात. शेतावरची लाइट बंद असताना हा जनरेटर तसाच लाइनला जोडला, तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून 11 केव्हीवर (अकरा हजार व्होल्टवर) चढते, आणि खांबावर लाइनमन असेल तर त्याचा जीव जातो. वीज कंपनीचं मुख्यालय तिथून जवळच, त्यामुळे मिस्त्रींची गिऱ्हाइकंही त्या कंपनीतलीच असावीत.

शेतावर काय चालतं? एलईडी बल्ब, दोन पंखे, मोबाइल, अंगणातला फोकस. मिस्त्रींनी हजार वॅटची मर्यादा घातली आहे. रिकामा असताना व्होल्टेज 255 पर्यंत जातं, लोडवर 215-220, म्हणून एक-दोन बल्ब कायम चालू ठेवते. पाण्याची मोटर चालत नाही. सुरू करायला गेलं की व्होल्टेज झपकन बसतं आणि सगळं विझतं, बिघडत मात्र काही नाही. शेतावरच्या माणसाने एकदा लोड न काढता इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी ते विरजणाचं चुंबकच गेलं, मीटर शून्यावर. फोन केला तर मिस्त्री म्हणाले, इंजिन थांबवा, मोटरीच्या दोन टोकांना ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा आणि परत चालवा. चाललं. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत.

डिझेलचं सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगणार नाही. एवढ्या हलक्या लोडवर इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर खातं, आणि मिळते कशीबशी अर्धा युनिट वीज. युनिटला शंभरच्या आसपास पडते. दाल-बाफल्यांना पाहुणे आले, कापणीच्या दिवसांत रात्री शेतावर राहावं लागलं, तर परवडतं. रोज रात्री लाइट हवी असेल त्याने सोलर पॅनेल आणि बॅटरी घ्यावी, माझ्या शेजाऱ्याला मी तेच सांगितलं. पण ज्याच्याकडे इंजिन आणि मोटर दोन्ही पडून आहेत त्याने मोटर घेऊन इथे जावं. जाताना टर्मिनलचं झाकण आधी घरीच उघडून सहा टोकं आहेत का बघावं, आणि रेझिस्टर पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.