रत्नागिरीत मे महिन्यातला मुक्काम: खोलीला दहापैकी सहा, पडवीला दहा

आम्ही सोलापूरचे. मे महिन्यात 42-43 डिग्री म्हणजे आमच्याकडे बातमीसुद्धा होत नाही. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री मोबाईलवर रत्नागिरीचं 34 बघून ह्यांनी जाहीर केलं, "थंडावा आहे की तिकडं." पुढचे दोन दिवस हे वाक्य आम्ही त्यांना दर तासाला ऐकवत होतो.

पहाटे तीनला गाडी काढली. सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. घाटाच्या तोंडाशी थांबून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. भाकरी तेव्हा पापडासारखी मोडत होती, हे लक्षात ठेवा. साखरप्याच्या पुढं काच खाली केली आणि ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखी हवा आत आली. हातखंब्याला वळून शहरात शिरेपर्यंत सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटलेले. वाजले होते साडेअकरा.

आधी पैसे भरून ठेवलेल्या लॉजवर गेलो, तर खोली दोनला मिळेल म्हणाले. आत्ता हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं. नियम त्यांचा, मान्य. पण बसायला एकच सोफा, त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद, आणि सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. मे महिन्यात इथं माणसाला सावली लागते ती अकरा ते चार, आणि नेमकं तेव्हाच आपण ना घरचे ना लॉजचे. 800 रुपये आगाऊ दिले होते, त्यांवर पाणी सोडलं आणि बाहेर पडलो. समोरच्या रिक्षावाल्यानं एका जुन्या आळीतल्या घराचा पत्ता सांगितला. त्या घराबद्दल हे लिहिते आहे.

नाव मुद्दाम देत नाही. घराच्या मालकीण काकूंनीच सांगितलं, "नाव नको हो टाकू. तीनच खोल्या, फोन कोण उचलत बसणार?" जुन्या आळ्यांत अशी घरं आहेत. रिक्षावाल्यांना विचारा.

घर चिऱ्याचं, कौलारू. मागं आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, पुढं लांबलचक पडवी, तिच्यात झोपाळा आणि दोन बाकं. छपराची कड एवढी खाली उतरलेली की ह्यांना वाकून आत जावं लागलं. खाली तांबडा कोबा. आम्ही दारात उभे राहून भाडं विचारतोय, तर काकू म्हणाल्या, "खोलीचं बघू मग. आधी बसा, घाम मरू दे. आणि घामावर गटागटा पाणी पिऊ नका." पाच मिनिटांनी पन्ह्याचे पेले आले. वेलची जरा जास्त होती, पण तेव्हा कोण बोलणार?

धाकट्यानं लगेच विचारलं, कूलर नाही का? काकू हसल्या. "इथं कूलर लावलास तर भिंतींना बुरशी येईल रे." मला तिथं बसून पहिल्यांदा हे नीट कळलं. आमच्याकडची हवा तहानलेली असते. वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी ती पिते आणि गार होते, अंगावरचा घामसुद्धा तसाच पिते. इथली हवा आधीच भरलेली. घाम येतो, पण जात नाही. म्हणून 34 ला जीव नकोसा होतो आणि इथं उपयोग फक्त हलत्या हवेचा. दोननंतर खारा वारा सुटला तेव्हा तो पोफळींतून पडवीत यायचा आणि मधल्या दारातून मागच्या आगरात निघून जायचा. सासूबाई त्या दाराच्या तोंडाशी कोब्यावर आडव्या झाल्या त्या चहालाच उठल्या.

आता खोल्या. दोघांची खोली 1800, जादा गादीचे 300. एसीच्या खोलीला 500 जास्त, आणि सासूबाईंसाठी आम्ही ती घेतली. चूक केली. ती माजघराला फळ्या मारून काढलेली आहे, खिडकी नाही. एसी चालू असेपर्यंत ठीक, पण तीनला वीज गेली आणि दहा मिनिटांत आत कोंदट वास सुटला. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी नाही. आगराच्या बाजूची साधी खोली घ्या, 500 रुपयांचे आंबे घ्या. न्हाणीघर सामायिक आहे, स्वच्छ आहे, पण तिथपर्यंत जायला चार पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघेवाल्यांनी आधी विचार करावा. गाडी आळीत शिरते, पण वळत नाही; उलटी काढताना ह्यांनी आरसा घासला. डास आहेत. मच्छरदाणी मागितली की मिळते, आपणहून कुणी देत नाही.

जेवण मात्र वेळेवर, म्हणजे एकच्या ठोक्याला. 220 रुपये ताट. कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, कुळथाचं पिठलं, ऊन ऊन भात, आमरस आणि सोलकढी. सोलकढी खोबऱ्याच्या दुधाची, घट्ट, लसूण अगदी बेतानं. थोरल्यानं चार वाट्या प्यायल्या. पिठल्याला आमच्या जिभेला तिखट कमी वाटलं, म्हणून मी शेंगाचटणीचा डबा काढला. काकूंनीही चाखली आणि पाणी मागवलं! सकाळी मऊ भात, तूप आणि मेतकूट. मासे घरात शिजत नाहीत. "रत्नागिरीत येऊन पिठलं?" म्हणत हे रात्री एकटेच बाहेर जाऊन सुरमई खाऊन आले.

आंब्यांची अढी मधल्या खोलीत घातलेली. काकू हातानं दाबत नाहीत, फक्त देठापाशी वास घेतात आणि सांगतात, हा आज, हा परवा. मुलांना पण वास घ्यायला लावला. आम्ही बाजारात आंबा दाबून दाबून बघतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चार वाजल्यावर थिबा राजवाडा बघून आलो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढं इथं आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा इथंच वारला. लाल चिऱ्यांची भव्य इमारत, अर्धगोल लाकडी खिडक्या. त्याची राजधानी मंडाले, ते म्हणे त्या देशाच्या कोरड्या पट्ट्यातलं शहर. म्हणजे राजा आमच्यासारख्याच हवेतून आला होता की! आम्हाला दोन दिवस जड गेले, त्यानं तीस वर्षं काढली. सासूबाईंनी पायऱ्यांवर बसून एवढंच विचारलं, "बिचाऱ्याला परत नाही का जाऊ दिलं?" संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर गेलो. गर्दी होती, वारा भरपूर होता, मुलं भिजली. बास.

दुसऱ्या दिवशी पावस गावी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेऊन दुपारपर्यंत परत यायचं होतं. सासूबाईंसाठीच तर हा रस्ता धरला होता. खोली दहाला सोडायची होती. काकू म्हणाल्या, "सामान पडवीत ठेवा, आलात की जेवा, उन्हं उतरली की निघा." त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. लॉजनं अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं होतं ते नेमकं ह्याच वेळेचं.

बिल देताना भाकरीचा डबा उघडला, तर सगळ्या भाकरी सादळलेल्या, चामड्यासारख्या. मी टाकून देणार होते. काकूंनी दोन ठेवून घेतल्या, तव्यावर मंद आचेवर परतून कडक केल्या आणि तूप लावून खाल्ल्या. उरलेल्या सासूबाईंनी गाडीत तशाच चावत संपवल्या.

आदल्या संध्याकाळी दोरीवर टाकलेले टॉवेल निघतानाही ओलेच होते. पिशवीत कोंबून आणले. सोलापुरात गच्चीवर टाकले आणि खाली येऊन चहा ठेवेपर्यंत कडकडीत वाळले.