आठ महिने एनव्हीडीए वापरून: नोट्स दिसतात, पण वाचता येतात का?

कॉलेज रोडला स्पर्धा परीक्षेचा छोटा क्लास घेते मी, पॉलिटी आणि भूगोल. दिंडोरीहून एक मुलगा येतो, त्याला दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर) लावून अभ्यास करतो. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, मॅडम, तुमची पीडीएफ उघडते पण आत काहीच नाही. माझ्या स्क्रीनवर तर सगळं व्यवस्थित होतं. त्याच रात्री मी पण एनव्हीडीए टाकलं (फ्री आहे, ओपन सोर्स, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने २००६ मध्ये सुरू केलं, तो स्वतः अंध आहे), आणि तेव्हापासून प्रत्येक फाइल पाठवायच्या आधी ऐकते.

ती पीडीएफ स्कॅन केलेली होती, म्हणजे नुसता फोटो, आत अक्षरं नाहीतच, मग स्क्रीन रीडर वाचणार काय? पण खरा धक्का टाइप केलेल्या नोट्सचा बसला. त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वरून फक्त मराठी अक्षराचं रूप चढवलेलं असतं, म्हणून 'राज्यघटना' च्या जागी एनव्हीडीए भलतीच अक्षरं आणि चिन्हं वाचत सुटतं. मराठीत हे दुखणं फार मोठं आहे आणि डोळ्यांना कधीच कळत नाही. आता सगळं युनिकोडमध्येच, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो.

दुसरं म्हणजे हेडिंग. मी नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं करायचे, स्क्रीन रीडरला ते साधं वाक्यच. वर्डमध्ये हेडिंगची स्टाइल दिली की ब्राउज मोडमध्ये (एकेक की दाबून मजकुरात उड्या मारायची एनव्हीडीएची सोय) एच दाबत दाबत तो मुलगा थेट 'मूलभूत हक्क' वर जातो, आधीची चाळीस पानं ऐकावी लागत नाहीत. पीडीएफ मात्र 'सेव्ह ॲज' करूनच बनवा, प्रिंटमधून बनवली की हेडिंगचे टॅग, म्हणजे स्क्रीन रीडरला हेडिंग ओळखू देणाऱ्या खुणा, उडतात. हे कळायला मला दोन महिने लागले, त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या फाइल्स पुन्हा नव्याने बनवल्या.

नकाशांचं तर वेगळंच. आल्ट टेक्स्टमध्ये (चित्राला जोडलेलं वर्णन, स्क्रीन रीडर तेच वाचतो) मी 'गोदावरीचा नकाशा' एवढंच लिहिलं होतं. तो म्हणाला, नकाशा आहे ते कळलं मॅडम, पण नदी जाते कुठून? मग मी माझाच जुना व्हिडिओ डोळे मिटून ऐकला, त्यात 'हे बघा, इथून अशी वळते, इथे ही येऊन मिळते' एवढंच होतं. आता बोलताना सांगते की ब्रह्मगिरीवर उगम, मग त्र्यंबकेश्वर, नाशिक शहरातून पूर्वेकडे, नांदूरमधमेश्वरला कादवा येऊन मिळते. गंमत म्हणजे बाकीच्या मुलांच्या पण हे जास्त लक्षात राहायला लागलं.

व्हिडिओवर कॅप्शन (बोललेलं खाली लिहून दाखवणं) एका मुलीसाठी सुरू केल्या, तिला कमी ऐकू येतं. गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगने (बोललेलं टाइप करणारी सोय) मराठी मजकूर काढते आणि मग बसून शब्द न् शब्द तपासते, कारण कलमाचा आकडा एक जरी चुकला तरी ती पेपरात तोच लिहून येईल. वीस मिनिटांच्या व्हिडिओला दीड-दोन तास जातात, ते जातातच.

एनव्हीडीएबद्दल सांगायचं तर सोबत येणारा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पण तो मुलगा इतक्या स्पीडला ऐकतो की मला एक शब्द कळत नाही. माझ्यासारख्यांनी टूल्समधला स्पीच व्ह्यूअर चालू करावा, जे बोललं जातं ते लिहून दिसतं. मर्ज केलेल्या रकान्यांचे तक्ते टाळा, ऐकताना कुठला आकडा कुणाचा तेच समजत नाही.

माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात मिळावी हे सरकारने बघावं, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ सांगतं, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल ॲक्सेस हा अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानला. कलम ४२ मी फळ्यावर लिहून शिकवत होते आणि समोर बसलेल्या मुलाला माझीच पीडीएफ वाचता येत नव्हती, ह्याचं अजून वाईट वाटतं.

जुन्या स्कॅन नोट्स ओसीआर करून (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) रोज चार पानं सुधारतेय, जोडाक्षरं बरीच चुकतात. पंचायत राज झालं, निवडणूक आयोग चालू आहे. ह्या कामात कुणाला हात लावायचा असेल तर क्लासवर संध्याकाळी सहानंतर या.